फाटकापुरता रशिया

आधी माफी मागते. आमच्या घरात आजवर कोणी चार ओळी लिहिलेल्या नाहीत. बाबा आमगावच्या राईस मिलमध्ये हमाली करतात, आई रोवणी-कापणीला जाते, आणि सहीच्या जागी दोघांचाही अंगठा असतो. मराठीच्या मॅडमनी कॉलेजच्या वार्षिकांकासाठी लक्षात राहिलेल्या एका माणसावर लिहायला सांगितलं, तेव्हा वर्गातल्या बहुतेकांनी आपले शिक्षक निवडले. एकाने आमदार निवडला. मी रेल्वे फाटकावरचा गेटमन निवडला. त्यातून मला लिहावं लागणार रशियाबद्दल, आणि मी नागपूरच्या पलीकडे गेलेली नाही. नागपूरलासुद्धा एकदाच, आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी. तेव्हा रशियाचं काही चुकलं तर ते झनककाकांचं, आणि मराठीचं चुकलं तर ते माझं, असं समजून वाचावं. लेख छापायला काकांची परवानगी आहे. त्यांनी एक अट घातली आहे, ती योग्य जागी सांगते.

आमच्या गावाहून आमगावला जाताना मधे रेल्वेचं फाटक लागतं. मुंबई-हावडा लाईन आहे, त्यामुळे ते उघडं कमी आणि बंद जास्त असतं. फाटकाच्या आमच्या गावाकडच्या बाजूला एक गुमटी, म्हणजे गेटमनची छोटी खोली, गुमटीपुढे एक हात मोडलेली खुर्ची, आणि त्या खुर्चीवर दोरा बांधलेला चष्मा लावून झनकलाल टेंभरे. काखेत दोन झेंड्या, एक लाल, एक हिरवी, घट्ट गुंडाळलेल्या. काकी म्हणते, झोपेतसुद्धा त्यांची काख तशीच आवळलेली असते.

माझी-त्यांची पहिली भेट भांडणाची होती. कॉलेजच्या प्रवेशाचा शेवटचा दिवस. फॉर्म बारा वाजेपर्यंतच घेणार होते आणि फाटक बंद. मी सायकल तिरकी केली आणि दांड्याखालून घुसले. तोच आवाज आला, "ए सुखदेवची पोरगी!"

मी जागच्या जागी थांबले. दोन्ही बाजूंची सगळी गर्दी माझ्याकडे बघत होती.

या माणसाला माझ्या बाबांचं नाव कसं माहीत, हे मला तेव्हा कळेना. नंतर कळलं की ही काकांची शिक्षा होती. दांड्याखालून जाणाऱ्या प्रत्येकाच्या बापाचं नाव ते सगळ्यांना ऐकू जाईल असं घेत. बाप माहीत नसला तर स्वतःच एक बाप देत. "ए चिंधूच्या पोट्ट्या!" असं ओरडले की तो पोरगा, माझ्या बापाचं नाव चिंधू नाही, एवढं सांगायला तरी मागे फिरे, आणि तेवढ्यात गाडी निघून जाई.

मी मागे फिरले आणि रडायला लागले. काका दांड्यापाशी आले.

"रडून काऊन राह्यली वं?"

"फॉर्मची आज शेवटची तारीख आहे. बारापर्यंतच घेतात."

"मंग? आठ मिनटात गाडी जाते. आठ मिनटं का कमी असतात? आठ मिनटात मी रशियाच्या राजाचा आख्खा राजवाडा पाह्यला."

माझं रडणं थांबलं. कोणाचंही थांबलं असतं.

"कोणत्या राजाचा?"

"थे मले का मालूम? कानात बटन टाकलं होतं, त्यात एक बाई इंग्रजीत बोलून राह्यली होती. पण पलंग पाह्यला मी त्याचा. बम आखूड. राजाचे पाय बाहीर लोंबत असतील."

गाडी गेली. काकांनी फाटक उघडलं आणि म्हणाले, "जा, उरलेला वाडा उद्या."

फॉर्म बाराला पाच मिनिटं असताना भरला गेला. अशी माझ्या कॉलेजची आणि काकांच्या रशियाची सुरुवात एकाच दिवशी झाली.

त्यानंतर तीन वर्षं मी रशिया तुकड्यातुकड्यांनी ऐकला. एक्स्प्रेस असली की छोटा तुकडा, मालगाडी असली की मोठा. शेवटचा डबा गेला की काका वाक्य जिथे असेल तिथे सोडून फाटक उघडायला जात. त्यांना लोकांना एक मिनिटही जास्त थांबवणं मान्य नव्हतं. एकदा वरातीची जीप अडकली. नवरदेवाचा मामा खाली उतरून म्हणाला, मुहूर्त टळतो. काका म्हणाले, "मंग भटजीले सांगाचं होतं रेल्वेचं टाइमटेबल पाहून काढ म्हणून." बँडवाल्यांना मात्र त्यांनी थांबू दिलं नाही. गाडी येईपर्यंत बँड वाजत राहिला आणि काका गुमटीपुढे हिरवी झेंडी हातात घेऊन जागच्या जागी नाचले. इंजिनाच्या ड्रायव्हरने लांबलचक भोंगा दिला. नवरदेवसुद्धा हसला.

त्यांची एक सवय इथे सांगितली पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे घडलं. गाडी पूर्ण गेली की नाही, हे गेटमन शेवटच्या डब्यावरून ओळखतो. त्या डब्याच्या मागे एक पाटी असते. पाटी दिसली नाही तर समजायचं की गाडी मधेच तुटली आणि काही डबे मागे कुठेतरी राहिले. काका ही पाटी पाहिल्याशिवाय फाटकाला हात लावत नसत. पुढे पुढे ही सवय त्यांच्या अंगात इतकी भिनली की लग्नाच्या पंगतीतही ते सगळ्यांच्या शेवटी जेवायला बसत. बाजारातून परतणाऱ्या बायांना विचारत, "शेवटचा डबा आला का?" म्हणजे तुमच्यातली सगळ्यात म्हातारी आली का. ती आली नसेल तर बायांना तिथेच उभं करत.

आता रशिया.

काकांचा एकुलता मुलगा हेमराज नागपूरला हॉटेलचा कोर्स करून एका मोठ्या प्रवासी जहाजावर लागला होता. जहाजाच्या किचनमध्ये पाव भाजायचं काम. तीन हजार माणसांचं जहाज, म्हणजे आमच्यासारखी दोन गावं पाण्यावर. कंपनी नोकरांच्या घरच्या एकाला कधीतरी स्वस्तात फिरवून आणायची. काकी म्हणाली, मला विहिरीत डोकावलं तरी चक्कर येते, तुम्हीच जा. परदेशात जायचं तर रेल्वेच्या नोकराला वरून ना-हरकत लागते. अर्जात एक रकाना होता, प्रवासाचे प्रयोजन. काकांनी लिहिलं, "पोरगा काम करतो ते जहाज पाहणे व जहाज सुटताना त्यास सिग्नल देणे." अर्ज परत आला. काकांनी पुन्हा तेच लिहून पाठवलं. तिसऱ्यांदा कोणीतरी दमून सही केली.

सिग्नल द्यायचा तर झेंडी हवी, आणि झेंडी सरकारी. ती परदेशात नेता येणार नाही, असं वरच्या साहेबांनी बजावलं. मग काकीने पोलक्याच्या कापडाची एक हिरवी झेंडी शिवून दिली. काका ती दाखवून सगळ्यांना सांगत, "ही सरकारी नाई, घरची आहे."

जहाज डेन्मार्कहून निघालं आणि चार दिवसांनी रशियाच्या एका मोठ्या शहराला लागलं. तिथे एक दिवस मुक्काम. नियम असा की ज्यांच्याकडे व्हिसा नाही त्यांनी गाइडबरोबर गटाने उतरायचं आणि गटानेच परत चढायचं. गट सोडून कुठे दिसलात तर पोलीस. संध्याकाळी साडेपाचला सगळे जहाजावर हवेत, सहाला जहाज सुटणार. हेमराजची ड्युटी होती, त्यामुळे काका एकटेच. हेमराजने त्यांच्या छातीवर चौदा नंबरचं स्टिकर चिकटवलं आणि म्हणाला, "बाबा, कायी करा, पण चौदा नंबर सोडू नका. नाई तं माझ्या नोकरीवर येईल."

ही नोकरीची गोष्ट काकांनी मला कधी सांगितली नाही. ती मला नंतर दुसरीकडून कळली.

काका सांगत ते इथून पुढे. बंदरावर चौदा नंबरची गाइड आली, ओल्गा नावाची, उंच, केस बारीक कापलेले. तिने सगळ्यांकडे बघून हात वर केला. हातात लाल झेंडी.

"मी उभा."

"का?"

"का म्हणजे? लाल झेंडी! आन् थे बाई लाल झेंडी दाखवत दाखवत पुढं चालून राह्यली, आन् चाळीस माणसं तिच्या मांगं! एकतीस वर्षं नोकरी केली मी. लाल झेंडी पाहून चालणारी माणसं मी जन्मात पाह्यली नाई. मले वाटलं, कायतरी अपघात होते आता."

गट निघून गेला आणि काका बंदरावर एकटे उभे. ओल्गा धावत परत आली. तिला वाटलं, म्हाताऱ्याला चक्कर आली. काकांनी तिला रेल्वेच्या इंग्रजीत समजावलं. रेड, डेंजर. ग्रीन, प्रोसीड. आणि पिशवीतून काकीची झेंडी काढून तिच्या पुढे धरली, की ही घे आणि नीट चाल. ओल्गाला खूप हसू आलं. झेंडी तिने घेतली नाही, तिला तिच्या मालकाची लालच चालवायची होती. पण तिने काकांना गटाच्या सगळ्यात मागे नेऊन उभं केलं आणि म्हणाली, "यू, लास्ट मॅन."

"समजली का पोरी? तिनं मले शेवटचा डबा केलं."

पुढे ओल्गा लाल झेंडी घेऊन, मागे काका हिरवी झेंडी घेऊन, आणि मधे बारा देशांची माणसं, असा तो दिवसभराचा कार्यक्रम. एक चर्च सात मिनिटं. एक पूल चार मिनिटं, त्यातली दोन फोटोला. एक कारंजं बसमधूनच. मग राजवाडा. जमिनीला ओरखडे पडू नयेत म्हणून सगळ्यांच्या बुटांवर कापडाच्या पिशव्या चढवल्या होत्या. काका पहिल्याच खोलीत घसरले आणि एका जर्मन माणसाला धरून उभे राहिले. "कोजागिरीले नाचतो ना आपण, तसं झालं दोघायचं." सोन्याचं त्यांना फारसं कौतुक नव्हतं. "सोनं, सोनं, सोनं. डोळे दुखले. कापणीच्या आधी चोरखमाऱ्याच्या तलावाखालचा धान पाह्यलेल्या माणसानं कायले पाहावा राजाचा पलंग?"

त्यांना राजवाड्यात आवडली ती प्रत्येक खोलीच्या कोपऱ्यात खुर्ची टाकून बसलेली एकेक म्हातारी बाई. कोणी चित्राला हात लावू नये म्हणून राखण करणाऱ्या या बायका. बाकी माणसं वर छताकडे बघत आणि काका या बायकांकडे. प्रत्येकीला "रामराम" घालत. काही जणी दचकल्या. एकीने मात्र मान लववली. तिच्या खुर्चीवर घरून आणलेली उशी होती, आणि पाय सुजलेले.

"दिवसभर एकाच खुर्चीवर. जाणारे जाऊन राह्यले, येणारे येऊन राह्यले, आन् थे तिथंच. म्हणलं ही तं आपल्याच खात्यातली."

काकांनी बोटांनी विचारलं, किती वर्षं? तिने दहाची दोन बोटं आणि वर सात केली. काकांनी दहाची तीन आणि वर एक केलं. ती उठून उभी राहिली. काकांनी खिशातून काकीच्या हातचा मुरमुऱ्याचा लाडू काढून तिला दिला. तिने इकडेतिकडे बघून तो पदराआड, म्हणजे तिच्याकडे पदर नव्हता, स्वेटरच्या बाहीत लपवला आणि काकांना एक चॉकलेट दिलं. त्या चॉकलेटचा कागद गुमटीच्या भिंतीवर, गाड्यांच्या वेळापत्रकाच्या शेजारी चिकटवलेला आहे. त्यावर एका अस्वलाचं चित्र आहे. काकांवर विश्वास नसणारे लोक हा कागद गोंदियातही मिळतो म्हणतात. मी गोंदियात चार दुकानांत विचारलं. मिळत नाही.

याच खोलीत गटातली एक गोरी म्हातारी दमून भिंतीकडेच्या बाकावर बसली. ऐंशीच्या वरची, हातात काठी. गट पुढे निघाला. ओल्गाची लाल झेंडी एका दारातून गेली, दुसऱ्या दारातून गेली, दिसेनाशी झाली. काका थांबले. शेवटचा डबा मागे टाकून गाडी पूर्ण कशी होणार? म्हातारीचा दम परत यायला वेळ लागला. मग काका तिला काठीच्या चालीने बाहेर घेऊन आले. बाहेर केवढं तरी मैदान, माणसंच माणसं, आणि चौदा नंबर कुठेच नाही. काकांनी हिरवी झेंडी जमेल तितकी उंच धरली, म्हणजे ओल्गाला दिसेल.

ओल्गाला दिसली नाही. पण संडासाच्या रांगेत मागे राहिलेल्या चौदा नंबरवाल्यांना दिसली. पुढे झेंडी धरलेला माणूस दिसला की त्याच्यामागे चालायचं, एवढं ती माणसं सकाळपासून शिकली होती. ती येऊन काकांच्या मागे उभी राहिली.

"मंग?"

"मंग का? मी चाललो तं थे चालले. मी थांबलो तं थे थांबले. मी नाक शिंकरलं तं एकानं फोटो काढला."

किती माणसं होती यावर वाद आहे. पॅसेंजर गाडी असली की काका नऊ सांगत. एक्स्प्रेसला सतरा. कोळशाची मालगाडी असेल तर तेवीस. छापताना तेवीसच लिहायचं, ही त्यांची अट. लिहिलं.

या तेवीस माणसांना घेऊन काका कुठे जाणार होते? रस्त्यांची नावं वाचता येईनात. तेवढ्यात त्यांना रस्त्याच्या मधोमध रूळ दिसले. ट्रामचे. "रूळ दिसले का रेल्वेचा माणूस हरवत नाई. रूळ कुठंतरी स्टेशनाले जाणारच." काका रुळाच्या कडेने निघाले. मागे म्हातारीची काठी टकटक, तिच्यामागे बाकीचे. घड्याळात पाच वाजत आले होते.

"आन् मंग..."

आणि शेवटचा डबा जाई. काका फाटक उघडत. "जा पोरी, कॉलेज बुडल."

हे एकदा झालं, दोनदा झालं. तिसऱ्या वर्षी एकदा अप आणि डाऊन दोन्ही मालगाड्या लागोपाठ होत्या. वीस मिनिटं तरी फाटक बंद राहणार. म्हटलं, आज जहाज गाठायचंच. त्या दिवशी काकांनी राजाच्या पलंगावर दहा मिनिटं घालवली, जी एरवी एका वाक्यात संपत. घसरण्याची गोष्ट त्या जर्मन माणसाच्या बायकोसकट सांगितली. आणि बरोबर शेवटची पाटी दिसायला आणि ट्रामचे रूळ यायला एकच गाठ पडली. तेव्हा माझ्या लक्षात आलं की गाडी गोष्ट तोडत नाही. काका गोष्ट गाडीपर्यंत ताणतात.

मी सरळ विचारलं, "काका, जहाज मिळालं का?"

"मी इथं उभा आहो तं मिळालंच असल ना."

"वेळेवर?"

 काका म्हणाले, "आख्ख्या नोकरीत माझ्यापायी एकच गाडी उशिरा सुटली. थेयी पाण्यातली." आणि रुळाच्या खाचेतली गिट्टी काढायला निघून गेले, जी त्यांनी सकाळीच काढली होती.

काकी डबा घेऊन आली होती, तिने हे ऐकलं. काका लांब गेल्यावर ती माझ्याजवळ आली.

"त्याईले नको इचारू बाई थे."

"का काकी?"

"रशियाहून आल्यावर तीन महिन्यानं हेमराज परत आला तो आलाच. कंत्राट पुढं वाढलं नाई म्हणाला. याईले वाटते, आपल्यापायी जहाज उशीर झालं, म्हणून पोट्ट्याले काढलं. तेव्हापासून पोराच्या डोळ्याले डोळा नाई देत. तो जेवाले बसला का यायचं जेवण झालेलं असते."

"मग एकदा विचारून का नाही टाकत?"

"गाडीखाली आलेल्या माणसाले कोणी इचारते का वं, कोणती गाडी होती म्हणून?" काकीने डब्याचं झाकण घट्ट केलं. "आतापर्यंत हे फाटकावर, तो त्याच्या पावाच्या दुकानात. निभून गेलं. आता जानेवारीत हे रिटायर. इथं खालून पूल होणार, फाटकई जाणार. मंग दोघं दिवसभर एका घरात. कसं होईल?"

मी हे ऐकून गप्प बसायला हवं होतं. माझा तो अधिकार नव्हता. पण डिसेंबरात मॅडमनी लेख मागितला, आणि माझ्याकडे एक पूर्ण माणूस होता पण त्याच्या रशियाला शेवट नव्हता. मी वही घेऊन हेमराजदादाच्या बेकरीत गेले. आमगावच्या बस स्टँडजवळ त्याची बेकरी आहे. पाव, टोस्ट, वाढदिवसाचे केक. तो कमी बोलतो. अंगात पांढरा ॲप्रन, डोक्यावर कागदाची टोपी, जहाजावरची सवय.

मी म्हटलं, "दादा, वार्षिकांकात काकांवर लिहिते आहे. ट्रामच्या रुळापाशी तेवीस माणसं घेऊन पोचले. पुढे काय झालं?"

"तेवीस?" तो कणीक मळता मळता हसला. "अवं, अकरा होते."

(काका, तुम्ही हे वाचाल तेव्हा रागवू नका. वर तेवीसच ठेवलं आहे.)

पुढचं हेमराजदादाने सांगितलं ते असं. रुळाच्या कडेने चालत काका एका ट्रामच्या थांब्यावर पोचले. तिथे त्यांनी सगळ्यांना बाकांवर बसवलं आणि स्वतः झेंडी धरून उभे राहिले. तुटलेल्या डब्यांनी पळायचं नसतं, जागेवर उभं राहून सिग्नल द्यायचा असतो. वीस मिनिटांनी ओल्गा लाल झेंडी हलवत, रडत, धावत आली. बस उशिरा, जहाज अठरा मिनिटं उशिरा. शिडीपाशी सगळे चढले, म्हातारी चढली, सगळ्यात शेवटी काका. वर जाऊन त्यांनी कठड्याशी उभं राहून हिरवी झेंडी दाखवली आणि मगच जहाज सुटलं, असं जहाजावर सगळे म्हणत.

"दुसऱ्या दिवशी मोठ्या साहेबानं मले बलावलं. मी म्हणलं, गेली नोकरी. साहेब हसून राह्यला होता. त्या म्हातारीनं कागद लिहून देल्ला होता, का हा माणूस नसता तं मी त्या राजवाड्यातच बसून राह्यली असती. थो कागद आमच्या किचनच्या दारावर दोन महिने चिटकून होता."

"मग तुम्हाला काढलं कशाला?"

त्याचे हात थांबले. "मले कोणं काढलं?"

"कंत्राट वाढलं नाही ना?"

त्याने दुकानात दुसरं कोणी नाही ना ते बघितलं. "वाढवत होते. दोनदा पत्र धाडलं, ये म्हणून. मीच नाई गेलो. अवं, तीन वर्षं उलट्या केल्या मी. जहाज हाललं का माझं पोट हाले. पावाच्या वासानं उलटी, पाण्याकडं पाह्यलं का उलटी. गोळ्या खाऊन पाव भाजत होतो. आन् इकडं बाबा हरेक गाडीच्या टायमाले लोकायले सांगून राह्यले, माझा पोरगा जहाजावर आहे. कोणत्या तोंडानं सांगू का तुमच्या पोराले पाणी नाई सोसत? म्हणलं, कंत्राट संपलं म्हणू, विषय संपला."

मी वही बंद केली.  "दादा, काकांना वाटतं तुमची नोकरी त्यांच्यामुळे गेली. तुम्ही आलात तेव्हापासून वाटतं. काकीने सांगितलं."

 हेमराजदादाने भट्टीतला ट्रे बाहेर ओढला, पाव अजून पांढरेच होते, शटर अर्धं खाली ओढलं आणि मोटरसायकलला किक मारली. ॲप्रन अंगात, टोपी डोक्यावर, हाताला कणीक. मी सायकलवर जमेल तितकं मागे मागे.

मी पोचले तेव्हा फाटक नुकतंच पडलं होतं. मी या बाजूला, ते दोघं त्या बाजूला गुमटीपुढे. कोळशाची मालगाडी आली. आवाजात काही ऐकू येणं शक्य नव्हतं. फक्त दोन डब्यांच्या मधल्या फटीतून क्षणभर दिसायचं, मग डबा, मग पुन्हा फट.

एका फटीत काका गाडीला हिरवी झेंडी दाखवत होते आणि हेमराजदादा त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडत होता. पुढच्या फटीत झेंडी अर्धी खाली आली होती. मग हेमराजदादा पोटावर हात धरून वाकला होता आणि उलटी कशी होते ते करून दाखवत होता. मग काकांचा चष्मा नाकावरून सुटून दोऱ्याला लोंबत होता. मग काका त्याच्या पाठीत गुंडाळलेल्या लाल झेंडीने मारत होते. त्यानंतरच्या बऱ्याच फटींत काका मारतच होते. मग मारणं थांबलेलं दिसलं आणि काकांचा हात तसाच त्याच्या पाठीवर होता, कणकेच्या ॲप्रनवर.

शेवटचा डबा गेला. मागची पाटी गेली. काकांनी तिकडे पाहिलंच नाही.

फाटक उघडलं नाही. एक मिनिट झालं, दोन मिनिटं झाली. माझ्यामागे ट्रकवाल्याने हॉर्न दिला. "ओ चाचा, गेट खोलो! गाड़ी कब की निकल गई!" पलीकडून ट्रॅक्टरवाला ओरडायला लागला. काका चष्मा न लावताच रुळाच्या मधोमध आले, दोन्ही बाजूंच्या गर्दीकडे बघितलं, आणि मला शोधून काढलं.

"ए सुखदेवची पोरगी! आयकलं का? पोट्ट्याले काढलं नाई! उलट्या होत होत्या त्याले! तीन वर्षं उलट्या! बलावत होते त्याले, दोनदा बलावलं, हाच नाई गेला!"

कोणाला काही कळलं नाही, पण ट्रकवाला हसला, ट्रॅक्टरवाला हसला, डोक्यावर भारे घेतलेल्या बायका हसल्या. हेमराजदादा लाजेने लाल झाला. त्याने टोपी काढली, मान खाली घातली आणि तिथून सुटायला बंद फाटकाच्या दांड्याखालून घुसला.

काकांनी त्याला पाहिलं. आमगावपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात ते ओरडले,

"ए झनकलालच्या पोट्ट्या!"